घाटनांदूर परिसर : मुलींची शाळागळती

घाटनांदूर (ता. अंबाजोगाई, जि. बीड) हे परळी–विकाराबाद लोहमार्गावरील मोठे गाव. गावातच महाविद्यालय (वसुंधरा) असूनही भोवतालच्या वाड्या-तांड्यांवरील अनेक मुली तिथवर पोचत नाहीत.

कारणे : दारिद्र्य, शाळेचे अंतर आणि हुंडा ही नेहमीची कारणे येथेही आहेत, पण निर्णायक ठरते ती ऊसतोड. बालाघाट डोंगररांगेच्या कोरडवाहू पट्ट्यातून दसरा-दिवाळीनंतर कुटुंबे पश्चिम महाराष्ट्र व कर्नाटकातील कारखान्यांकडे जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. मजूर नेणारा मुकादम उचल (आगाऊ रक्कम) देतो ती कोयत्यावर. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. घरात सून आली की कोयता वाढतो, म्हणून हंगामाआधी लग्ने उरकली जातात. आईबापांबरोबर गेलेल्या मुलीच्या वाट्याला कोपीवरचा (तात्पुरत्या झोपडीतला) स्वयंपाक, पाणी आणि धाकटी भावंडे येतात. आजीजवळ ठेवावी, तर वयात आलेल्या मुलीची जोखीम नको म्हणून स्थळे पाहिली जातात. दोन्हीकडून वर्ष बुडते. हजेरीपटावर नाव मात्र टिकते. त्यामुळे गळती कागदावर उशिरा उमटते.

आकडे (जिल्ह्याचे) : स्त्री-साक्षरता सुमारे 68 टक्के, पुरुषांची सुमारे 86 (2011 ची जनगणना). राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (2019–21) 20 ते 24 वयोगटातील 43.7 टक्के स्त्रियांचे लग्न अठराव्या वर्षाआधी झाले होते. राज्याचे प्रमाण 21.9.

परिणाम : लवकर लग्न, लवकर बाळंतपणे आणि पुन्हा उसाच्या फडावरचे कष्ट. मजुरी जोडीची, हिशेब बहुधा नवऱ्याच्या नावे. आरोग्यावरील परिणामांची सर्वांत ठळक नोंद 2019 मधील, नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीमुळे झाली. जिल्ह्यात पाहणी केलेल्या 82,309 ऊसतोड स्त्रियांपैकी 13,861 जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. यांपैकी किती शस्त्रक्रिया अनावश्यक होत्या, याबाबत मतभेद आहेत. अल्पवयातील लग्न व बाळंतपणे ही पार्श्वभूमी मात्र वगळता येत नाही.

परित्यक्ता : अशा लग्नांतून टाकल्या गेलेल्या स्त्रियांसाठी अंबाजोगाईत शैला लोहिया यांनी ‘मनस्विनी’ प्रकल्पातून काम केले.

उपाय : ‘जनार्थ’ या संस्थेने चालविलेल्या साखरशाळा (कारखान्यांच्या परिसरातील हंगामी शाळा), पुढे गावातच हंगामी वसतिगृहे, 2021 पासून ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी संत भगवानबाबा वसतिगृह योजना. ग्रामीण भागात ग्रामसेवक हा बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतो. ज्या गावात राहायचे तेथीलच लग्न त्याने थांबवायचे असते. मुलींना बारावीपर्यंतचे शिक्षण मोफत आहे. 2024–25 पासून आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील मुलींना व्यावसायिक पदवी अभ्यासक्रमांचे शुल्कही माफ झाले. त्यासाठी आधी बारावी उत्तीर्ण व्हावे लागते.