बत्तीस बिटांचं दार

जुना लॅपटॉप कुरकुरायला लागला की ऑफिसमध्ये कोणीतरी हमखास सल्ला देतं, "लिनक्स टाक ना त्याच्यावर, पळायला लागेल!" सल्ला वाईट नाही. पण त्यात एक गोष्ट गृहीत धरलेली असते, ती म्हणजे सगळी अडचण वजनाची आहे. हलकी सिस्टिम शोधायची, पेनड्राइव्हवर चढवायची, झालं काम! साध्या लॅपटॉपवर हे बऱ्यापैकी खरं ठरतं. पण ज्यांचा पडदा कीबोर्डपासून सुटा होतो, त्या कमी विजेवर चालणाऱ्या 'टू-इन-वन' यंत्रांचा इतिहास मी गेले काही वीकएंड चाळतोय, आणि तिथे वेगळीच गोष्ट दिसते. हलकी सिस्टिम कधीपासून दारात उभी होती. दारच उघडत नव्हतं.

गंमत म्हणजे सुरुवातीला हे दार सताड उघडं होतं. २००७ साली 'वन लॅपटॉप पर चाइल्ड' या प्रकल्पाचा एक्सओ लॅपटॉप आला. तुम्हाला आठवत असेल तो, हिरवा-पांढरा, वर सशाच्या कानांसारखे दोन अँटेना. पडदा गोल फिरवून कीबोर्डवर आडवा टाकला की त्याची पाटी व्हायची, म्हणजे हायब्रिडच की! ४३३ मेगाहर्ट्झचा एएमडी जीओड प्रोसेसर, २५६ एमबी मेमरी, १ जीबी फ्लॅश, आणि वर फेडोरा लिनक्स. मेरी लू जेप्सन यांच्या पुढाकाराने घडलेला त्याचा पडदा भर उन्हातही वाचता यायचा. आपल्या रायगड जिल्ह्यातल्या एका धनगरवाड्याच्या चिमुकल्या शाळेत त्याच वर्षी हे लॅपटॉप वीसेक मुलांच्या हातात पडले होते, भारतातला तो पहिला प्रयोग. '१०० डॉलरचा लॅपटॉप' म्हणून गाजलेलं हे यंत्र प्रत्यक्षात दोनशेच्या घरात गेलं, त्यावरची शुगर ही सिस्टिम रेंगाळायची, शिक्षणाचं काय झालं यावर तर अजून वाद आहेत. असो. माझ्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट वेगळी आहे. त्याचं फर्मवेअरसुद्धा खुलं होतं.

फर्मवेअर म्हणजे बटण दाबल्यावर सगळ्यात आधी जागा होणारा प्रोग्रॅम. तो हार्डवेअरची हजेरी घेतो आणि मग ऑपरेटिंग सिस्टिमला आत सोडतो. वाड्याचा दरवानच म्हणा ना. एक्सओमध्ये ओपन फर्मवेअर होतं, त्याचा सोर्स कोड कोणीही वाचू शकत होतं. दरवान आपल्या ओळखीचा होता.

मग आले नेटबुक. २००७ च्याच ऑक्टोबरात आसुसचा ईई पीसी ७०१ बाजारात आला. सात इंची पडदा, ५१२ एमबी मेमरी, ४ जीबीची सॉलिड स्टेट ड्राइव्ह, वजन किलोच्याही आत. ९०० मेगाहर्ट्झचा सेलेरॉन होता, पण तो मुद्दाम ६३० वर चालवलेला, आणि सिस्टिम झँड्रॉस लिनक्स. मायक्रोसॉफ्ट चपापलं आणि एप्रिल २००८ मध्ये त्यांनी फक्त अशा स्वस्त यंत्रांसाठी म्हाताऱ्या विंडोज एक्सपीला मुदतवाढ दिली. बघता बघता नेटबुक विंडोजमय झाले. २०१० मध्ये आयपॅड आला आणि त्यांची हवाच गेली. या काळावर खूप लिहिलं गेलंय, मी थांबत नाही.

खरी गोष्ट सुरू होते २०१३ च्या शरदात. इंटेलने 'बे ट्रेल' ही अ‍ॅटम चिपची नवी पिढी आणली आणि आसुसने तिच्यावर ट्रान्सफॉर्मर बुक टी१०० काढला. दहा इंची पडदा, ओढला की कीबोर्डमधून सुटणारा. चार कोअर, २ जीबी मेमरी, ३२ किंवा ६४ जीबी जागा, अमेरिकेत किंमत ३४९ डॉलरपासून. कागदावर तर लिनक्ससाठी मेवाच! आणि चिप ६४-बिट.

फर्मवेअर मात्र ३२-बिट!

असं का? तर विंडोज जितक्या बिटांचं, यूईएफआय फर्मवेअरही तितक्याच बिटांचं लागतं. ३२-बिट विंडोज कमी जागेत मावतं, कमी मेमरीत भागवतं. शिवाय फोनसारखं झोपेतही जागं राहायची 'कनेक्टेड स्टँडबाय' ही सोय या चिपवर तेव्हा ३२-बिट विंडोजमध्येच मिळत होती. म्हणून कंपन्यांनी दरवानच ३२-बिट नेमला. या निर्णयात लिनक्सविरुद्ध कट वगैरे मला तरी दिसत नाही. लिनक्सवाला गिऱ्हाईक कोणाच्या डोक्यातच नव्हता, एवढंच.

परिणाम काय झाला बघा. ६४-बिट लिनक्सच्या पेनड्राइव्हवर सुरुवातीची फाइल असायची 'बूटएक्स६४'. दरवान शोधायचा 'बूटआयए३२'. ती नसली की पेनड्राइव्ह त्याच्या लेखी रिकामा! बरं, ३२-बिट लिनक्स घ्यावं, तर त्या डिस्क बहुतेक जुन्या बायोससाठी बनवलेल्या, त्यांना यूईएफआय ठाऊकच नाही. आणि या यंत्रांत जुन्या बायोसचा मागचा दरवाजाही ठेवलेला नव्हता. दोन्ही खिडक्यांवर 'पलीकडे जा' ऐकायचं! मग हौशी लोकांनी ग्रबची ३२-बिट फाइल स्वतः कंपाइल करून पेनड्राइव्हवर टाकायला सुरुवात केली. सिस्टिम उठायची, पण उठल्यावर फर्मवेअरशी बोलता यायचं नाही.

यावरचा उतारा, मंडळी, मला फार आवडतो. कर्नल ६४-बिटमध्ये धावतोय. फर्मवेअरकडून काही हवं असलं की त्याने प्रोसेसरला तात्पुरतं ३२-बिटमध्ये उतरवायचं, दरवानाशी त्याच्या भाषेत बोलायचं, उत्तर घेऊन परत वर यायचं. याला 'मिक्स्ड मोड' म्हणतात. मॅट फ्लेमिंग यांनी हे काम केलं आणि जून २०१४ च्या लिनक्स ३.१५ मध्ये ते आलं. फ्लेमिंग तेव्हा इंटेलमध्येच नोकरीला होते, म्हणजे चिपही त्यांची आणि तिच्यापायी आलेल्या कुलपाची किल्लीही त्यांच्याकडचीच! पुढे स्टीव्ह मॅकइन्टायर यांच्या खटपटीने एप्रिल २०१५ च्या डेबियन ८ च्या इन्स्टॉलरमध्ये ही सोय बसली. यंत्र बाजारात आल्यापासून दीड वर्ष, ते फक्त दार उघडायला.

आत गेल्यावर दुसरा खेळ. टी१०० चं वायफाय चालायला ड्रायव्हर पुरत नसे. त्या रेडिओची मोजमापं असलेली फाइल लागायची, आणि ती फर्मवेअरच्या पोटातून काढून योग्य नावाने योग्य जागी ठेवावी लागायची. त्याहून वाईट होता तो गोठण्याचा रोग. वीज वाचवायला प्रोसेसर गाढ झोपेत जायचा आणि कधीकधी उठायचाच नाही! २०१५ च्या अखेरीस कर्नलच्या बगझिलावर याची नोंद झाली आणि तिच्याखाली शेकडो लोक येऊन रडून गेले. तोडगा एकच होता, प्रोसेसरला गाढ झोपूच द्यायचं नाही. म्हणजे कमी विजेवर चालावी म्हणून बनवलेली चिप, आणि ती चालावी म्हणून तिची वीज वाचवायची खुबीच बंद करायची.

हे सगळं निस्तरण्यात डच इंजिनियर हान्स द खुडे यांचा वाटा मोठा. स्वस्त टॅब्लेटच्या टचस्क्रीनसाठी त्यांनी कर्नलमध्ये चक्क यादी केली. अमुक मॉडेलचा पडदा इतका रुंद, तमुक मॉडेलचा उलटा बसवलेला... एकेका यंत्रामागे एकेक नोंद. ही माहिती बनवणाऱ्याकडे आधीपासून असते. ती बाहेर आली नाही की कोणीतरी ते यंत्र हातात घेऊन, बोट फिरवून फिरवून ती परत शोधायची.

आज हे उकरायचं कारण म्हणजे १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला, आणि विंडोज ११ या यंत्रांना दारात उभं करत नाही. लिनक्सच्या बाजूला तर निकाल उलटा लागलाय. एक्सओचा जीओड डेबियनने २०२३ मध्येच सोडला. ऑगस्ट २०२५ च्या डेबियन १३ मध्ये ३२-बिट पीसीसाठी कर्नल नाही आणि इन्स्टॉलरही नाही, म्हणजे ईई पीसी ७०१ सुद्धा बाहेर. ईई पीसीसाठी डेबियन १२ वर बेतलेल्या अँटीएक्स २३ चा आधार आहे. जे यंत्र लिनक्स घेऊनच जन्मलं ते रस्त्यावर, आणि ज्याने दीड वर्ष लिनक्सला बाहेर उभं केलं ते ६४-बिट चिपमुळे आत!

माझ्याकडे याच पिढीचा, दुसऱ्या एका कंपनीचा हायब्रिड आहे, २ जीबीवाला. डेबियन आणि एलएक्सक्यूटी. पडदा उभा धरला की चित्र उभं होतं, वायफाय सुरळीत आहे, पीडीएफ वाचायला आणि सर्व्हरवर लॉगिन करायला मजा येते. ब्राउझरचे दोन टॅब आनंदाने चालतात. तिसरा उघडला की मी चहा टाकायला जातो.