वाकळीचं गोत्र

गेल्या दिवाळीत भाची शिराळ्याला आली ती आजीसाठी भेट घेऊन. दोन उशांचे अभ्रे, टेबलावर घालायची एक पट्टी, दाराचं तोरण आणि एक बटवा. सगळं तिनं स्वतः शिवलेलं. निळ्यावर पांढरी फुलं, पांढऱ्यावर निळी पानं, मध्ये बारीक ठिपक्यांचं कापड आणि कडेला त्याच निळाईच्या रेघा. अशी एकमेकांशी जुळणारी पाच-सहा छापील कापडं हल्ली एकाच पाकिटात मिळतात. आजीनं चष्मा लावून टाके तपासले, बटव्याची नाडी दोनदा ओढून बघितली आणि विचारलं, "ब्येस झालंय. पर ह्ये कुणाच्या लुगड्याचं गं?"

"कुणाच्याच नाही आजी. नवीन कापड आहे."

"आगं बया! नवं कापड फाडलंस?"

सगळे हसले. मला मात्र तो प्रश्न अगदी रास्त वाटला. आमच्या भागात तुकडे जोडून शिवायची वस्तू म्हणजे वाकळ, आणि वाकळीतला प्रत्येक तुकडा कुणाचा ना कुणाचा असतोच. बेवारशी कापड तिच्यात जात नाही. भाचीच्या अभ्र्यांचं कूळ शोधायचं तर त्या पाकिटाच्या मागे बरंच चालत जावं लागतं, आणि वाट वाकळीवरूनच जाते.

पुण्यामुंबईकडे गोधडी म्हणतात, आम्ही वाकळ. हिंदीत गुदडी, सीमेपलीकडं कानडीत कौदी. गोधडी या शब्दानं तर समुद्रही ओलांडला. गोव्यात आलेल्या पोर्तुगीजांनी तो उचलला आणि त्यांच्या कोशांत 'गोद्रिं' होऊन बसवला. वाकळ तितकी फिरली नाही, पण तिचं घराणं जुनं दिसतं. संस्कृतात वल्कल, प्राकृतात वक्कल, मराठीत वाकळ: जोडाक्षर सैल झालं, आधीचा स्वर लांबला, शेवटच्या लचा ळ झाला. मराठीच्या ध्वनिनियमांत हे चपखल बसतं. रामायणातली वल्कलं झाडाच्या सालीची, आमची वाकळ फाटक्या लुगड्याची. दोन्ही ज्याच्यापाशी दुसरं काही नाही त्याचं पांघरूण, एवढं नातं मला पुरतं.

तुकडे जोडून नक्षी करायची याची एक फार जुनी आणि सुरेख हकिकत बौद्ध विनयपिटकात आहे. भिक्षूंनी चीवरं करायची ती लोकांनी टाकून दिलेल्या चिंध्यांची, त्याला पांसुकूल म्हणत. एकदा प्रवासात बुद्धांनी मगधातली भातशेती पाहिली, बांधांनी आखलेली, चौकोनाला चौकोन लागलेली, आणि आनंदाला विचारलं की अशी चीवरं करता येतील का. आनंदानं ती करून दाखवली. आजही भिक्षूंच्या चीवरात ते बांध शिवलेले असतात. शिराळ्याहून वर चांदोलीच्या बाजूला आषाढात गेलात तर हे पटायला ग्रंथ लागत नाही. लावणी झालेली खाचरं उतारावर पसरलेली असतात, एक पोपटी, एक गढूळ, एक आभाळ दिसणारी, आणि बांध म्हणजे टाके.

दुसरा धागा गावातच आहे. शिराळ्याला गोरक्षनाथांचं मंदिर आहे, यात्रा भरते, आणि इथल्या नागपूजेचा संबंधही परंपरा गोरक्षनाथांशीच जोडते. नाथजोग्यांच्या वेशात शैली, शिंगी, खापर असतं तशीच कंथाही असते, म्हणजे तुकड्यांची गोधडी. विसाव्या शतकात डेबूजी जानोरकर नावाचा माणूस चिंध्यांचं वस्त्र अंगावर घालून गावं झाडत फिरला, तेव्हा लोकांनी त्याला आधी गोधडेबुवा म्हटलं. गाडगेबाबा म्हणून तो जगाला ठाऊक झाला. साधूनं अंगावर घेतली की गोधडीला मान, गरिबानं घेतली की दारिद्र्य. हा दुटप्पीपणा आपल्याकडं जुनाच आहे.

आता वाकळ प्रत्यक्ष शिवताना बघू. फाल्गुनात सुगी उरकली की बायकांना हात मोकळे मिळतात. वर्षभर साठवलेलं जुनेराचं बोचकं माळ्यावरून खाली येतं. जुनेर म्हणजे नेसून नेसून विरलेलं लुगडं. ते काही पहिल्या फाटण्याला बोचक्यात जात नाही. मधे विरलं की तेवढा भाग काढून दोन टोकं जोडायची, याला दंड घालणं म्हणतात. दंड घातलेलं लुगडं आणखी वर्षभर जातं. मग ते दंडही देईनासं झालं की त्याची पाळी वाकळीची. सारवलेल्या जमिनीवर एक अख्खं लुगडं दुमतून अंथरतात, कोपऱ्यांवर वरवंटा, पाटा, काही नाही तर दगड ठेवतात. आत घरच्या पुरुषांची धोतरं आणि पटके घालतात, कारण ती पांढरी, दिसायला नकोत पण ऊब देतात. जुनी फाटकी वाकळही नवीच्या पोटात जाते. वरच्या अंगाला मात्र निवड चालते. इरकलीचा लाल पदर कुठं टाकायचा, काळी चंद्रकळा कडेला घ्यायची की मधे, पोरीच्या परकराचं फुलाफुलांचं चीट पायाशी जाईल का उशाशी, यावर खरी खडाजंगी होते. "काळ्याशेजारी काळं नगं, रात वाटंल," असं आमची आजी म्हणायची. रंगसंगतीचं पुस्तक तिनं पाहिलेलं नव्हतं.

मग चौघी चार बाजूंना बसतात. जाड सूत, लांब सुई, धावदोरा. टाका भाताच्या दाण्याएवढा, दोन ओळींत बोटभर अंतर. शिवण कडेकडून आत सरकते, चौकोनात चौकोन पडत जातो, आणि चौघी मधल्या चौकात येऊन भेटतात. बारकाईनं बघितलं तर चारही बाजूंचे टाके वेगळे दिसतात. एकीचा हात घट्ट, तिच्या बाजूला कापड चुणलेलं. एकीचा सैल. कुणाची बाजू कुठली हे घरात सगळ्यांना ठाऊक असतं, आणि भांडणात ते निघतंही.

उत्तर कन्नडच्या जंगलपट्ट्यातले सिद्दी, ज्यांचे पूर्वज आफ्रिकेतून आले, तेही कौदी याच रीतीनं कडेकडून मधे शिवतात. चारही कोपऱ्यांवर ते कापडाच्या घड्यांची त्रिकोणी फुलं लावतात आणि फुलांशिवाय कौदी उघडी मानतात. त्यांच्या कौद्या आज परदेशातल्या संग्रहालयांत टांगलेल्या आहेत. आमच्या वाकळा अजून खाटेवरच आहेत, आणि ते मला बरं वाटतं.

वर चिटाचा उल्लेख आला. भाचीच्या छापील कापडाचं कूळ खरं म्हणजे तिथं आहे. चीट किंवा छीट म्हणजे फुलाबुट्ट्यांचं छापील सुती कापड. परकर, चोळ्या, झबली चिटाचीच असत. सतराव्या शतकात हे कापड जहाजं भरभरून युरोपात गेलं आणि त्या शब्दाला तिथं अनेकवचनाचा स जोडला गेला. पुढं अनेकवचन विसरलं आणि 'चिंट्झ' हाच एक शब्द झाला. धुतलं तरी रंग न जाणारी फुलं त्यांनी पाहिलेली नव्हती. तिथले विणकर खवळले. फ्रान्सनं 1686 मध्ये बंदी घातली ती 1759 पर्यंत टिकली. इंग्लंडनं 1700 च्या कायद्यानं आयात अडवली आणि 1721 मध्ये अंगावर वापरायलाही मनाई केली. बंदी आली की तुकडा मौल्यवान होतो. उत्तर इंग्लंडातल्या लेव्हन्स हॉल या वाड्यात 1708 च्या सुमाराची एक गोधडी जपून ठेवली आहे. तिथल्या तुकडेजोडीचा हा फार जुना नमुना, आणि त्यातले तुकडे हिंदुस्थानी चिटाचे आहेत. म्हणजे छापील कापडं एकमेकांशी जुळवून शोभेचं पांघरूण करायचा जो छंद आज परदेशातून पाकीटबंद होऊन आपल्याकडं येतो, त्याच्या मुळाशी आपलंच कापड आहे. यात छाती फुगवण्यासारखं काही नाही. त्यांनी त्याचा धंदा केला, आपण बोचकं माळ्यावर टाकलं.

शिराळ्यात चीट यायचं ते मुंबईहून. हा तालुका मुंबईच्या जिवावर जगला. घरटी एक माणूस गिरणीत नाही तर माथाडीत. गिरणगावातून दिवाळीला येणारा चुलता ट्रंकेत कटपीस घेऊन यायचा, कधी छपाईत डाग पडलेला, कधी काठ हुकलेला. एकाच ताग्याचे तुकडे, म्हणून सगळ्या चुलत बहिणींचे परकर एकाच फुलाचे. पुढं तेच परकर वाकळीत गेले आणि वाकळही जुळलेली निघाली. मॅचिंग म्हणतात ते आमच्याकडं असं, न ठरवता आलं. दुसरी आवक इचलकरंजीची. तिथं 1904 मध्ये विठ्ठलराव दातारांनी पहिला यंत्रमाग घातला आणि पुढं धोतर-लुगड्यांचा तोटा राहिला नाही. मुंबईची वाट 18 जानेवारी 1982 ला गिरण्यांच्या संपाबरोबर अडली. संप मिटला असं कुणी कधी जाहीर केलंच नाही. चुलते परत आले ते ट्रंकेत कटपिसाविना.

वाकळीवर त्याआधीच दोन घाव बसले होते. एक शिवणयंत्राचा. 1930 च्या दशकात कलकत्त्याला उषा यंत्रं बनू लागली आणि हळूहळू ती हुंड्याच्या यादीत शिरली. सात-आठ थरांची वाकळ यंत्राच्या दाबपट्टीखाली जातच नाही. जिला यंत्र आलं तिनं दोन-तीन थरांची पातळ गोधडी शिवली, तीही एकटीनं. चौघींचं बसणं मोडलं ते तिथं. दुसरा घाव टेरिकॉट आणि नायलॉनचा. ती साडी विरतच नाही, मग जुनेर होणार कशी? तिचे थर एकमेकांवरून घसरतात, घाम पीत नाहीत, थंडीत अंगाला गार लागतात. वाकळीला कापड मेलेलं लागतं, आणि नायलॉन काही मरत नाही. उरलेलं काम सोलापुरी चादरीनं आणि मागून पानिपतच्या ब्लँकेटनं केलं.

एक जागा मात्र कुणाला घेता आली नाही, ती दुपट्याची. बाळाला पहिलं अंगाखाली घालायचं ते आजीच्या जुनेराचं, कारण शंभर धुण्यांनी मऊ झालेल्या सुताइतकं मऊ दुसरं काही नसतं. माहेरून येणाऱ्या बाळंतविड्यात दुपटं, कुंची, झबलं, टोपडं हे एकाच चिटाचं काढायची हौस असते. कुंचीला मागं झालर, कडेला उलट्या रंगाची पट्टी. जुळणाऱ्या छापील कापडांची हातानं शिवलेली भेट म्हणतात ती हीच, आणि ती भाचीच्या पाकिटाच्या कितीतरी आधीची. तिला फक्त कुणी तसं नाव दिलं नव्हतं.

सध्या या घराण्यात एक दत्तक आलं आहे, खणाचं. खण म्हणजे एका चोळीपुरतं कापड, बागलकोटकडच्या गुळेदगुड्डच्या मागावरचं. सवाष्णीची ओटी भरताना नारळासोबत त्रिकोणी घडी करून देतात तो. चोळी गेली, ब्लाउज आला, आणि खण नुसता ओटीत फिरत राहिला. या घरातून त्या घरात, न शिवता. आता त्याची तोरणं, अभ्रे, पर्सा, दिव्यांच्या टोप्या होतात. नाकं मुरडणारे आहेत, मी त्यांतली नाही. फिरत राहण्यापेक्षा शिवला गेलेला बरा. तक्रार एकच: बाजारातला निम्मा खण सुताचा नसतो. हात लावून बघा, सुती खण बोटाला धरतो, दुसरा निसटतो.

भाद्रपदाच्या शेवटी, घटस्थापनेआधी, घरातल्या सगळ्या वाकळा धुवायला मोरणा नदीवर जातात. ओली वाकळ एकीला उचलत नाही. दोघी टोकं धरून पिळतात, दगडावर आपटतात, मग कातळावर पसरतात. यंदा आमची एक जुनी वाकळ तशी पसरली होती. एका कोपऱ्याचा टाका उसवून आतला थर वर आला होता, तांबड्यावर पांढऱ्या कैऱ्यांचं चीट, रंग अजून ओला वाटावा असं. आईनं वाकून बघितलं. तिच्या सासूच्याही आधीचं असावं, म्हणाली, तिनं काही कुणाच्या अंगावर बघितलेलं नाही. भाची सोबत होती. तिनं मोबाईल काढून फोटो घेतला, मग ठेवून दिला आणि सुई-दोरा आहे का विचारलं.

उसवलेला कोपरा तिनं तिथंच कातळावर बसून शिवला. टाके जरा मोठे पडलेत. कुणाचे ते आता घरात सगळ्यांना ठाऊक आहे.