सूक्ष्मलहरी गिळणारा पत्रा आणि त्याचा बदलता सूर

मोलेहून अनमोड घाट चढून गोव्याची हद्द ओलांडली की कर्नाटकातील जोयडा तालुका लागतो. काळी नदीच्या खोऱ्यातील रानात आत शिरावे तसा मोबाईलचा संकेत क्षीण होत जातो. विरळ मनोरे आणि आडवे डोंगर ही त्याची कारणे आहेतच. पण झाडांचाही त्यात वाटा असतो. पानांतील पाणी सूक्ष्मलहरींची ऊर्जा शोषून तिची उष्णता करते, तर फांद्या लहरी विखुरतात. पावसात पाने चिंब झाली की ही घट आणखी वाढते.

रान हे काम आपल्या विस्ताराच्या बळावर करते. अभियंत्याला तेच काही मिलिमीटरांत साधायचे असते. रडारने सोडलेली लहर जहाजावरून वा विमानावरून परतू नये, किंवा शेजारच्या दोन उपकरणांनी एकमेकांच्या कामात व्यत्यय आणू नये, हा त्यामागील हेतू.

जुना उपाय विनफिल्ड सॅलिसबरी यांच्या नावाने ओळखला जातो. धातूच्या पत्र्यापुढे पाव तरंगलांबीच्या अंतरावर एक पातळ रोधक पडदा ठेवायचा. त्याचा रोध मोकळ्या अवकाशाच्या प्रतिबाधेइतका, म्हणजे सुमारे ३७७ ओहम राखला की लहरीला सीमाच जाणवत नाही. ती परावर्तित न होता पडद्यात जिरते. १० गिगाहर्ट्झला हे अंतर साडेसात मिलिमीटर असते, ३ गिगाहर्ट्झला मात्र अडीच सेंटिमीटर. एवढी जाडी सर्वत्र परवडत नाही.

मेटामटेरियल शोषकाने ही जाडी घटवली. मागे तांब्याचा अखंड पत्रा, मध्ये विद्युतरोधक थर आणि पुढे तांब्याच्या बारीक नक्षीची पुनरावृत्ती, अशी त्याची रचना. नक्षीतील प्रत्येक घटक तरंगलांबीहून बराच लहान असतो. त्यातील वळण प्रेरकाचे आणि फट धारित्राचे काम करते. दोहोंचा अनुनाद लहरीच्या वारंवारतेशी जुळला की ऊर्जा त्या नक्षीत अडकून उष्णतेत विरते. २००८ मध्ये लँडी व सहकाऱ्यांनी ११.५ गिगाहर्ट्झच्या आसपास ८८ टक्के शोषण मोजून दाखवले. (कृत्रिम रचनेने लहरींना वळण लावण्याची कल्पना मात्र बरीच जुनी आहे. जगदीशचंद्र बोस यांनी १८९८ मध्ये पीळ दिलेल्या तागाच्या जुड्यांनी सूक्ष्मलहरींची ध्रुवणदिशा फिरवली होती.)

अनुनादामुळे पत्रा पातळ होतो, पण त्याच कारणाने तो एकसुरीही होतो. लहर थोडी वर-खाली सरकली की शोषण कोसळते. येथे इलेक्ट्रॉनिक जुळणी उपयोगी पडते. जुन्या रेडिओचे बटण फिरवून आकाशवाणी पणजी लावताना आपण आतील धारित्राची धारिता बदलत असू. व्हॅरॅक्टर डायोड तेच काम हलत्या भागाविना करतो. उलट दिशेचा विद्युतदाब वाढवला की त्याची धारिता घटते. नक्षीच्या फटीत असे डायोड बसवले की अनुनाद वरच्या वारंवारतेकडे सरकतो. एकूण धारिता चौथाईवर आणता आली तर वारंवारता दुप्पट होईल. पण नक्षीची स्वतःची धारिता कायम राहत असल्याने प्रत्यक्षातील सरक त्याहून कमी भरते. पिन डायोड वापरल्यास तोच पृष्ठभाग कधी शोषक, कधी परावर्तक करता येतो.

व्यवहारात अडचणी बऱ्याच येतात. मोठ्या पृष्ठभागावर हजारो डायोड आणि त्यांना दाब पुरवणाऱ्या तारा लागतात, आणि त्या ताराच कधी नक्षीच्या कामात ढवळाढवळ करतात. डायोड एकाच दिशेत बसवले तर आडव्या ध्रुवणाची लहर सुटून जाते. लहर फार प्रबळ असेल तर तीच डायोडची धारिता बदलू लागते. सर्वांत कठीण प्रश्न निराळाच आहे. असा शोषक एका क्षणी एकच अरुंद पट्टा गिळतो, म्हणून येणारी लहर कोणत्या वारंवारतेची आहे हे त्याला आधी कळावे लागते. प्रत्येक स्पंदागणिक वारंवारता बदलणाऱ्या रडारपुढे त्याला उसंतच मिळत नाही.

दुसरा मार्ग एकदम रुंद पट्टा शोषण्याचा. आयआयटी कानपूरने नोव्हेंबर २०२४ मध्ये सादर केलेली ‘अनालक्ष्य’ ही कापडावर आधारित प्रणाली त्या वाटेची. तेथे सूर बदलावा लागत नाही, पण जाडीचा हिशेब चुकत नाही. रोझानोव्ह यांनी २००० मध्ये मांडलेल्या मर्यादेनुसार २ ते १८ गिगाहर्ट्झ या संपूर्ण पट्ट्यात ९० टक्के शोषण हवे असेल, तर धातूवरील अचुंबकीय थर सुमारे पावणेआठ मिलिमीटरांहून पातळ करता येत नाही.