आकाश मोजण्याच्या पट्ट्या : १९३७ ते खारघर

१/ २५ डिसेंबर २०२५ रोजी नवी मुंबई विमानतळावरून प्रवासी विमाने उडू लागली. त्या विमानांत कदाचित कधीच न बसणाऱ्या एका वर्गाचे आकाशही त्यामुळे बदलले. खारघरमधील लग्ने, गृहप्रकल्प आणि पावसाळी डोंगर ड्रोनने चित्रित करून पोट भरणाऱ्या छायाचित्रकारांचा हा वर्ग. हे कसे घडले, ते समजून घेण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. आजचा धागा त्याविषयी.

२/ आकाशातून छायाचित्र टिपण्याचा पहिला ज्ञात प्रयोग १८५८ मध्ये फ्रान्समध्ये झाला. नादार नावाच्या छायाचित्रकाराने पॅरिसजवळ बलूनमधून तो केला. पहिल्या महायुद्धात शत्रूचे खंदक हेरण्यासाठी विमानांतून असंख्य छायाचित्रे घेतली गेली. युद्ध संपताच, १९१९ च्या पॅरिस करारात, आपल्या भूमीवरील आकाशावर त्या त्या राष्ट्राची सार्वभौम सत्ता असते, हे तत्त्व मान्य झाले. वरून पाहणे हा आता राज्यसत्तेचा विषय झाला होता.

३/ भारतात १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन जुहूला उतरले. १९३४ मध्ये विमान कायदा आला, १९३७ मध्ये त्याची नियमावली. तिचा १३वा नियम पाहा : शासकीय विमानतळावर किंवा उडत्या विमानातून लेखी परवानगीवाचून छायाचित्र घेण्यास मनाई. ही झाली आकाश मोजण्याची पहिली पट्टी. तिने मोजले ते चित्र.

४/ त्या काळाला ही पट्टी शोभणारी होती. विमाने मोजकी, त्यांचे मालक ठाऊक असलेले, धावपट्ट्या शासनाच्या ताब्यात. कॅमेरा वर न्यायचा तर त्याच्याबरोबर माणसालाही वर जावे लागे. माणूस जमिनीवर आणि कॅमेरा आकाशात, ही कल्पना त्या नियमात कुठेच नव्हती.

५/ ती कल्पना बहुसंख्य भारतीयांनी प्रथम पाहिली ती २००९ च्या ‘थ्री इडियट्स’ चित्रपटात. त्यातील चार पंख्यांचे यंत्र आयडियाफोर्ज या कंपनीचे होते. आयआयटी मुंबईच्या माजी विद्यार्थ्यांनी २००७ मध्ये स्थापन केलेली ही कंपनी आज नवी मुंबईतच, महापे येथे आहे. तो प्रसंग आठवा : यंत्र वसतिगृहाच्या खिडकीपाशी पोहोचते आणि आतले, कोणालाही ठाऊक नसलेले दुःख बाहेर येते. ही खिडकी लक्षात ठेवा. शेवटी तिच्याकडे परत यायचे आहे.

६/ २०१३ च्या उत्तराखंडातील महापुरात ‘नेत्र’ या ड्रोनने अडकलेली माणसे शोधण्यास मदत केली. मे २०१४ मध्ये मुंबईतील एका पिझ्झा विक्रेत्याने लोअर परळहून वरळीतील इमारतीच्या गच्चीवर ड्रोनने पिझ्झा पोहोचवला. पोलिसांनी चौकशी सुरू केली. नवे यंत्र शहरात आले होते, पण त्याच्यासाठी नियमच नव्हते.

७/ ७ ऑक्टोबर २०१४ रोजी नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने जाहीर सूचना काढली. नियम तयार होईपर्यंत कोणत्याही बिगरशासकीय संस्थेने किंवा व्यक्तीने, कोणत्याही कारणासाठी ड्रोन उडवू नये, असा तिचा आशय. ही दुसरी पट्टी. चित्र काय आहे, हा प्रश्न आता गौण ठरला. उडवणारा शासनाचा आहे की नाही, एवढेच पाहिले गेले.

८/ प्रत्यक्षात काय झाले? त्याच वर्षांत लग्नाच्या मांडवावर ड्रोन घिरट्या घालू लागले. जानेवारी २०२० मध्ये शासनानेच ड्रोनधारकांना महिनाअखेरपर्यंत आपली यंत्रे स्वेच्छेने जाहीर करण्याचे आवाहन केले. इतिहासाच्या विद्यार्थ्याला असा कागद फार बोलका वाटतो. बंदीच्या काळात बंदी घातलेली वस्तू किती पसरली होती, याची ती अप्रत्यक्ष कबुलीच आहे.

९/ तत्पूर्वी १ डिसेंबर २०१८ पासून ‘परवानगी नाही तर उड्डाण नाही’ या तत्त्वाची नियमावली लागू झाली होती. १२ मार्च २०२१ ला तिच्या जागी दुसरी आली. ती जाचक ठरल्याने २५ ऑगस्ट २०२१ ला तिसरी : ‘ड्रोन नियम, २०२१’. अर्जांचे नमुने २५ वरून ५ वर आले आणि कमाल दंड १ लाख रुपये ठरला. येथून तिसरी पट्टी सुरू होते. ती तीन गोष्टी मोजते : वजन, पैसा आणि अंतर.

१०/ वजन आणि पैसा एकत्र पाहू. २५० ग्रॅमपर्यंतचा ‘नॅनो’ ड्रोन उडवण्यास वैमानिक प्रमाणपत्र लागत नाही. २५० ग्रॅम ते २ किलोचा ‘मायक्रो’ ड्रोन हौसेने उडवला तरी लागत नाही. मात्र त्याच ड्रोनने लग्न चित्रित करून मोबदला घेतला की प्रमाणपत्र आवश्यक. त्यासाठी वय १८ ते ६५, दहावी उत्तीर्ण आणि मान्यताप्राप्त संस्थेतील प्रशिक्षण हवे. यंत्र तेच, बोटे तीच. व्यवहार झाला की कायदा बदलतो.

११/ आता अंतर. नकाशावरील हिरव्या क्षेत्रात ४०० फुटांपर्यंत उड्डाणाला पूर्वपरवानगी लागत नाही. पिवळ्या क्षेत्रात हवाई वाहतूक नियंत्रणाची परवानगी हवी, लाल क्षेत्रात केंद्र शासनाची. कार्यरत विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात हिरवी मर्यादा २०० फुटांवर येते. ८ किलोमीटरच्या आत नकाशा पिवळा किंवा लाल होत जातो.

१२/ येथे ‘कार्यरत’ हा शब्द निर्णायक आहे. मुंबईचा जुना विमानतळ खारघरपासून १२ किलोमीटरहून बराच दूर. नवा विमानतळ मात्र खारघरच्या दक्षिणेलाच. वसाहतीचा बहुतेक भाग त्याच्या हद्दीपासून ८ किलोमीटरच्या आत येतो. डोंगर तोच, सेंट्रल पार्क तेच, ड्रोनही तोच. नियमाची एक इंचही अक्षरे न बदलता नियमाचा अर्थ बदलला, कारण पट्टीचा शून्यबिंदू दाराशी येऊन बसला.

१३/ यात अन्याय आहे का? सरसकट तसे म्हणता येणार नाही. चढणारे-उतरणारे विमान कमी उंचीवर असते आणि त्यात शेकडो माणसे असतात. पण परवानगीला लागणारा वेळ लग्नाच्या मुहूर्तासाठी थांबत नाही. त्यात राज्य शासन किंवा पोलीस तातडीच्या कारणास्तव एखादा भाग ९६ तासांपर्यंत तात्पुरता लाल जाहीर करू शकतात. कर्ज काढून यंत्र घेतलेल्या तरुणासाठी हे चार दिवस म्हणजे हंगामातला मोठा तुकडा. २०१४ ने दाखवलेला धडा हाच : परवानगीची वाट अरुंद झाली की उड्डाण थांबत नाही, फक्त नोंदीबाहेर जाते.

१४/ आता ती खिडकी. १९३७ ची पट्टी चित्राकडे पाहत होती, तीही राज्याच्या भीतीपोटी. २०१४ ची माणसाकडे. २०२१ ची वजन, पैसा आणि अंतराकडे. ज्याचे चित्र घेतले जाते, तो यांपैकी एकाही पट्टीच्या केंद्रस्थानी नाही. मार्च २०२१ च्या नियमावलीत खासगीपणा जपण्याची अट होती; ऑगस्टच्या नियमावलीत तसे स्वतंत्र कलम उरले नाही. भारतीय न्याय संहितेच्या ७७व्या कलमाने स्त्रीच्या खासगी क्षणांचे चोरून चित्रण गुन्हा ठरवले आहे. परंतु खारघरच्या विसाव्या मजल्यावर गॅलरीत चहा पीत बसलेल्या सामान्य माणसाचे काय?

१५/ ड्रोन उडवणाऱ्या मित्रांनो, मागच्या वर्षीच्या आठवणीवर विसंबू नका. प्रत्येक उड्डाणापूर्वी डिजिटल स्काय वरील नकाशा पाहणे नियमानेच बंधनकारक आहे. इतरांनी पुढच्या वेळी डोक्यावर घरघर ऐकू आली की आजच्या तीन पट्ट्या आठवाव्यात. चौथी अजून आखली जायची आहे. ती कोणत्या बाजूने मोजेल, पाहणाऱ्याच्या की पाहिले जाणाऱ्याच्या, हे ठरवताना आपणही बोलले पाहिजे.

धागा समाप्त. आपल्या गावातील आकाश नकाशावर कोणत्या रंगाचे आहे, ते खाली जरूर कळवा.