मक्तेदारी

बातम्यांत 'मक्तेदारी' हा शब्द सतत कानावर येतो. मला तो जिव्हाळ्याचा वाटतो, कारण त्याच्या पोटात राज्यकारभाराचा इतिहास आहे. मूळ अरबी धातूचा अर्थ 'कापणे'. सुलतानांच्या काळातली 'इक्ता' (सरदारांना तोडून दिलेला महसुली प्रदेश) आणि आपण गिरवतो तो 'कित्ता' हे त्याच कुळातले. मक्ता म्हणजे ठरावीक रकमेवर तोडून दिलेला ठेका. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात महसूलवसुलीचे मक्ते चढ्या बोलीने दिले जात आणि मक्तेदार ती रक्कम रयतेकडून पिळून काढी. थोडक्यात, मक्तेदारी देणारे सरकारच होते.

पुढे 'मोनोपॉली'साठी हाच शब्द रुळला. ग्रीकमध्ये तिचा अर्थ 'एकट्याने विकणे'. १९६९च्या मक्तेदारीविरोधी कायद्याने मोठेपणच संशयित ठरवले. २० कोटींच्या मालमत्तेचा उद्योग वाढवायचा तर सरकारची परवानगी लागे. त्याने स्पर्धा वाढण्याऐवजी आखडली, असे माझे स्पष्ट मत आहे. २००२चा स्पर्धा कायदा मोठेपणाला नव्हे, तर 'प्रबळ स्थानाच्या गैरवापरा'ला हात घालतो. २०२२मध्ये स्पर्धा आयोगाने अँड्रॉइडप्रकरणी गूगलला १,३३७.७६ कोटींचा दंड केला, तो याच आधारावर.

बोलण्यात मात्र मक्तेदारी बाजाराबाहेरही पसरली आहे. मतदारसंघावर घराण्याची मक्तेदारी असते आणि 'शहाणपण ही काही तुमची मक्तेदारी नाही' असेही आपण सुनावतो.