रोबोटिक वक्ष-शस्त्रक्रिया : आर्थिक मूल्यमापन
फुफ्फुसाचा कर्करोगग्रस्त खंड काढण्यासारख्या शस्त्रक्रिया रोबोटच्या साहाय्याने करणे आरोग्यसेवेला परवडते का, हे तपासण्याची पद्धत. तुलना छाती उघडून केलेल्या शस्त्रक्रियेशी नव्हे, तर दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेशी व्हायला हवी. कारण कमी वेदना व लवकर घरी जाणे हे लाभ दुर्बिणीनेही मिळतात. यंत्राची किंमत, देखभाल व प्रशिक्षण हे खर्च उघड असतात. अवजारांचा खर्च मात्र सहज नजरेआड होतो : ‘दा विंची’ या शस्त्रक्रियेच्या रोबोट-यंत्राची बहुतेक अवजारे ठरावीक वापरांनंतर यंत्रच स्वीकारत नाही, मग ती कितीही धडधाकट दिसोत. शिवाय यंत्र रिकामे पडून राहिले, तर दर रुग्णामागचा खर्च फुगतो.

लाभ ‘गुणवत्ताभारित आयुर्वर्षां’त मोजतात, पूर्ण आरोग्यात जगलेले एक वर्ष म्हणजे १. कॅनडातून चालवलेल्या ‘रावल’ या यादृच्छिक चाचणीच्या प्राथमिक निष्कर्षांत (१६४ रुग्ण, २०२३) दुर्बिणीच्या तुलनेत मिळालेल्या अशा प्रत्येक अतिरिक्त वर्षामागे सुमारे १४,९२६ कॅनेडियन डॉलर जादा लागले. तेथील निकषांवर रोबोट परवडणारा ठरला; लसीका ग्रंथीही अधिक काढता आल्या. पण हा हिशेब पहिल्या बारा महिन्यांचा आहे. कर्करोगात पाच वर्षांनी किती रुग्ण हयात आहेत, हा प्रश्न त्याहून मोठा, आणि चाचणीचा पुढचा टप्पा त्यासाठीच आहे.