बिनआत्याचं बारसं

आत्याबाई नसताना झालेल्या एका बारशाची ही हकिकत. १९५३ साली डॉ. हम्फ्री ऑस्मंड यांनी लेखक ऑल्डस हक्सले यांना अर्धा पेला पाण्यात ०.४ ग्रॅम मेस्कलिन पाजलं, नि हे विद्वान गृहस्थ स्वतःच्या विजारीच्या चुण्यांत अनंत पाहू लागले! डॉक्टरमंडळी असल्या द्रव्यांना 'वेडाची नक्कल करणारी' म्हणत. ते या दोघांना पटेना. १९५६ मध्ये पत्रापत्री झाली. हक्सलेंनी सुचवलेलं नाव मागे पडलं, ऑस्मंड यांचं 'सायकेडेलिक', म्हणजे मन उघडं करणारं, टिकलं. चुण्या त्याच, पण जुन्या नावानं बघणारा रोगी, नव्या नावानं द्रष्टा! १९७० साली अमेरिकेच्या कायद्यानं मेस्कलिन बंदीच्या पहिल्या यादीत घातलं, आणि तोच गुन्हेगार झाला. नाव ठेवणं आणि नावं ठेवणं यांत अंतर अनुस्वाराएवढं; त्यात तुरुंग मात्र मावतो!